गाठ लहान झाली, हे कसे ठरवायचे?

१९७६ साली 'कॅन्सर' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक दोघे होते. मेयो क्लिनिकमधील कर्करोगतज्ज्ञ चार्ल्स मोर्टेल आणि संख्याशास्त्रज्ञ जेम्स हॅन्ले. निबंधात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते आणि एकही रुग्ण नव्हता. होती एक मऊ गादी, तिच्यावर ठेवलेले बारा टणक गोळे आणि त्यांच्यावर अंथरलेला फोम रबरचा थर. सर्वांत लहान गोळ्याचा व्यास १.८ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याचा १४.५ सेंटिमीटर. कर्करोगाच्या उपचारात मुरलेल्या सोळा डॉक्टरांना सांगण्यात आले, की रुग्णाच्या कातडीखालची किंवा पोटातली गाठ तुम्ही हाताने चाचपून जशी मोजता, तशाच या बारा 'गाठी' मोजा. पट्टी, कॅलिपर, जे साधन रोज वापरता ते वापरा.

गोम अशी होती, की बारांपैकी दोन जोड्या अगदी एकाच मापाच्या होत्या आणि डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते. म्हणजे एकच डॉक्टर एकाच मापाची गाठ नकळत दोनदा मोजत होता. शिवाय प्रत्येक गोळा सोळा जणांकडून मोजून झाला होता. गोळे काही वाढत नव्हते की झिजत नव्हते. तेव्हा दोन मापांत जो काही फरक येईल, तो मोजणाऱ्याच्या हाताचा, डोळ्याचा आणि फोमचा.

आता कल्पना अशी करायची, की पहिले माप औषध देण्यापूर्वीचे आणि दुसरे महिन्याभरानंतरचे. गाठ २५ टक्क्यांनी लहान झाली तर 'औषधाचा गुण आला' असे म्हणायचे ठरवले, तर काय दिसते? तोच डॉक्टर दोन्ही वेळा मोजत असेल, तर शंभरांतून सुमारे १९ वेळा गुण आला! दुसऱ्या वेळी मोजणारा डॉक्टर वेगळा असेल, तर सुमारे २५ वेळा. हा गुण लाकडासारख्या टणक गोळ्यांना आलेला होता. त्याच मापांना ५० टक्के घटीचा निकष लावला, तेव्हा खोट्या गुणाचे प्रमाण शंभरांत सात-आठपर्यंत उतरले.

मोर्टेल आतड्याच्या आणि जठराच्या कर्करोगावर काम करीत. त्या काळी या रोगांवर जी मोजकी औषधे होती, त्यांतल्या चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या औषधालाही साधारण पाचांतल्या एका रुग्णात गुण येतो असे मानले जाई. आणि इथे तर कसलेही औषध नसताना, केवळ मोजण्याच्या चुकीने, पाचांतल्या एका गोळ्याला गुण येत होता. या औषधांनी केस जातात, तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात. ज्याच्या अंगी काही नाही असे औषध निव्वळ चुकीच्या मापाच्या जोरावर चांगले ठरले, तर त्याची किंमत कोण मोजतो हे वेगळे सांगायला नको.

इथे शाळेतले गणित कामी येते. गाठीचे माप त्या वेळी दोन व्यासांच्या गुणाकाराने सांगत. एक सर्वांत लांब व्यास, दुसरा त्याला काटकोनात. प्रत्येक व्यास १० टक्के कमी मोजला गेला तर गुणाकार ०.९ × ०.९ = ०.८१, म्हणजे १९ टक्के कमी. तिसरी मितीही तशीच धरून घनफळ काढले तर ०.७२९, म्हणजे २७ टक्के कमी. हाताची चूक दहाचीच, पण कागदावर उतरताना ती २७ होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ साली कर्करोगाच्या उपचारांचे निष्कर्ष कसे नोंदवावेत याची पुस्तिका काढली. तिच्यात गुणाकार निम्मा होणे हाच 'गुण' मानला गेला. २००० साली 'रेसिस्ट' या नावाने नवे निकष आले. त्यांत दोनऐवजी एकच व्यास मोजायचा आणि तो ३० टक्क्यांनी घटला पाहिजे असे ठरले. ०.७ × ०.७ = ०.४९. म्हणजे जुन्या निम्म्याचेच हे नवे रूप. जगभरच्या औषधचाचण्यांत आजही हा ३० टक्क्यांचा उंबरठा वापरला जातो. गाठ तीस टक्के लहान झाल्याने माणूस किती जास्त जगेल, या हिशेबातून तो आकडा आलेला नाही. त्याचे मूळ शोधत मागे गेले, की आपण फोमच्या थराखालच्या त्या गोळ्यांपाशी पोहोचतो.

खरे तर माणूस दोनदा मोजताना दोन वेगळी मापे घेतो, हे शास्त्राला फार आधीपासून ठाऊक होते. १७९६ साली ग्रिनिच वेधशाळेत किनेब्रुक नावाच्या साहाय्यकाच्या नोंदी राजज्योतिषी मॅस्केलाइन यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने मागे पडत होत्या, म्हणून त्याला कामावरून काढून टाकण्यात आले. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी पुढे दाखवून दिले, की असा फरक सगळ्याच निरीक्षकांत असतो. बिचाऱ्या किनेब्रुकला त्याचा उपयोग झाला नाही.

वैद्यकात ही गोष्ट चित्रे काढणाऱ्या यंत्रांमुळे ऐरणीवर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयरोगासाठी मोठ्या संख्येने लोकांची छाती क्ष-किरणांनी तपासायची होती. फिल्म लहान घ्यावी की मोठी, कोणत्या पद्धतीने घ्यावी, हे ठरवण्यासाठी १,२५६ लोकांच्या छातीची चित्रे चार पद्धतींनी घेण्यात आली आणि पाच तज्ज्ञांनी ती स्वतंत्रपणे वाचली. १९४७ साली बिर्केलो, येरुशाल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अहवाल दिला, त्यात मूळ प्रश्नाचे उत्तर मिळालेच नाही. कारण चार पद्धतींमधल्या फरकापेक्षा वाचणाऱ्यांमधला फरक मोठा निघाला. एवढेच नव्हे, तर तोच तज्ज्ञ तीच फिल्म काही काळाने पुन्हा वाचताना स्वतःशीच असहमत होत होता. ज्या विषयाचे यंत्र कोणते चांगले हे पाहायला मंडळी जमली, त्यांना वाचणाऱ्याचाच अभ्यास करावा लागला. क्ष-किरणांचा शोध १८९५चा. म्हणजे हे कळायला पन्नास वर्षे लागली.

आता उंदरांकडे वळू. कारण कोणतेही कर्करोगाचे औषध माणसाला देण्याआधी ते उंदराला दिलेले असते, आणि माणसाला द्यायचे की नाही हा निर्णय बऱ्याच अंशी उंदराच्या गाठीच्या मापावर उभा असतो.

१९०३ साली कोपनहेगनमध्ये कार्ल ओलुफ येन्सेन या पशुवैद्यकाने उंदराची गाठ एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी पिढ्यान्‌पिढ्या रुजवून दाखवली. एकाच जातीची गाठ अनेक उंदरांत एकाच वेळी वाढवता येऊ लागली, तेव्हा कुठे औषधाचा प्रयोग करणे शक्य झाले. माणसाची गाठ मात्र उंदीर स्वीकारत नसे, त्याची प्रतिकारशक्ती ती नष्ट करी. १९६२ साली ग्लासगोत केस नसलेले उंदीर आढळले. पुढे कळले, की त्यांना थायमस ग्रंथीही नसते आणि त्यामुळे परक्या पेशींना ते विरोध करू शकत नाहीत. १९६९ साली, पुन्हा कोपनहेगनमध्येच, रिगार्ड आणि पोवल्सेन यांनी अशा उंदरात माणसाच्या मोठ्या आतड्याची गाठ वाढवली. तेव्हापासून माणसाची गाठ वागवणारा उंदीर हे औषधसंशोधनातले नित्याचे साधन झाले.

गाठ कातडीखाली, बहुधा कुशीवर लावतात. आतड्याचा कर्करोग असो की फुप्फुसाचा, लावायचा कुशीवर. तिथे तो माणसासारखा वागतो म्हणून नव्हे, तर तिथे कॅलिपर पोहोचतो म्हणून. ही सोय आहे आणि ती सोय म्हणूनच ओळखली पाहिजे. मोजणीची पद्धत अशी, की लांबी आणि रुंदी घ्यायची, उंची रुंदीइतकीच धरायची आणि लांबी × रुंदी × रुंदी ÷ २ असे घनफळ काढायचे. लंबगोलाच्या घनफळात येणारा 'पाय भागिले सहा' हा गुणक ०.५२च्या आसपास असतो, त्याचाच हा 'भागिले दोन'.

समजा गाठ १० मिलिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद आहे. घनफळ आले ३२० घन मिलिमीटर. दोन्ही मापे एक-एक मिलिमीटर जास्त घेतली गेली तर ११ × ९ × ९ ÷ २, म्हणजे जवळजवळ ४४६. एक-एक मिलिमीटर कमी घेतली गेली तर ९ × ७ × ७ ÷ २, म्हणजे २२० आणि थोडे. कातडीची घडी, सुटायला धडपडणारा उंदीर आणि कॅलिपरवरचा अंगठ्याचा दाब यांत एक मिलिमीटर सहज जातो. एकाच गाठीचे माप २२०ही येऊ शकते आणि ४४६ही, म्हणजे दुपटीचा फरक. मोजणाऱ्याला कोणत्या पिंजऱ्यातल्या उंदरांना औषध दिले आहे हे माहीत असेल, तर तो मिलिमीटर कोणत्या बाजूला जाईल याचा अंदाज वाचकांनीच करावा. यात लबाडी असतेच असे नाही. आशा असली तरी पुरते.

कॅलिपर पोहोचत नाही अशा गाठींसाठी, मेंदूतल्या, यकृतातल्या, पूर्वी एकच मार्ग होता. ठरावीक दिवशी काही उंदीर मारायचे आणि गाठ काढून पाहायची. पाच वेगवेगळ्या दिवशी प्रत्येकी आठ उंदीर पाहायचे तर चाळीस उंदीर मरत. शिवाय मंगळवारचे उंदीर वेगळे आणि शुक्रवारचे वेगळे. जिवंत उंदराच्या आतले चित्र घेता येऊ लागले, तेव्हा त्याच आठ उंदरांना पाचही दिवशी पाहणे शक्य झाले. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्रयोगांतल्या प्राण्यांची संख्या कमी करण्याचा जो आग्रह धरला होता, त्याला हे धरूनच होते. पण त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. आता सगळा निष्कर्ष पहिल्या आणि दुसऱ्या चित्रातल्या फरकावर टेकलेला असतो. काहीही न करता दोन चित्रे घेतली तर ती किती जुळतात, हे माहीत नसेल, तर त्या फरकाला अर्थ कुठून येणार? आणि ती फारच कमी जुळत असतील, तर निष्कर्षासाठी जास्त उंदीर लागणार. वाचवलेले उंदीर मागल्या दाराने पुन्हा प्रयोगात येतात.

चुंबकीय अनुनादाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९७१ साली न्यूयॉर्कमधील रेमंड डॅमेडियन यांनी उंदराच्या मोठ्या जातीतल्या, म्हणजे ज्याला आपण घूस म्हणू त्याच्या जवळच्या प्रयोगशाळेतील रॅट या प्राण्याच्या गाठी काढून चुंबकात ठेवल्या. गाठींमधल्या पाण्याच्या रेणूंना पूर्ववत व्हायला निरोगी ऊतींपेक्षा जास्त वेळ लागतो, असे त्यांना आढळले. या काळाला 'शिथिलन काल' म्हणतात. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली याच तत्त्वावर चित्र काढून दाखवले आणि मग मोठी आशा निर्माण झाली, की शिथिलन काल नुसता मोजला की कर्करोग आहे की नाही ते कळेल. अनेक प्रयोगशाळांनी मापे घेतली. पण चुंबकाची ताकद बदलली की शिथिलन काल बदलतो, तापमान बदलले की बदलतो, ऊती काढून किती वेळ झाला यावरही बदलतो. १९८७ साली पॉल बॉटम्ली आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या मापांचा आढावा घेतला. निरोगी आणि रोगी ऊतींचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते, की निव्वळ त्या आकड्यावरून निदान करण्याची आशा मावळली. चित्रे मात्र उत्तम येत राहिली, आणि एम.आर.आय.चे पुढचे यश आपण जाणतोच. चित्र डोळ्यांना छान दिसणे आणि चित्रातून निघालेला आकडा भरवशाचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच यंत्रातून पुढे आणखी एक आकडा निघाला, तो विसरणाचा. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भटकत असतात. पेशी दाटीवाटीने भरलेल्या असल्या की त्यांना भिंती आड येतात आणि भटकणे कमी होते. औषधाने पेशी मेल्या, भिंती फुटल्या, की पाणी मोकळे होते. १९९०नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात ब्रायन रॉस, थॉमस चेनेव्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत गाठ असलेल्या रॅटना औषध देऊन हे मोजले. गाठ आकाराने लहान होण्याआधीच विसरणाचा आकडा वाढलेला दिसला. औषध लागू पडते आहे की नाही हे आकार घटण्याची वाट न पाहता कळले, तर निरुपयोगी औषध लवकर थांबवता येईल. फार मोलाची गोष्ट होती ती. प्रश्न पुन्हा तोच. आकडा किती वाढला म्हणजे तो खरेच वाढला?

यंत्राची परीक्षा घ्यायला ज्याचे विसरण पक्के माहीत आहे असा पदार्थ हवा. पाण्यासारखा सोपा पदार्थ नाही, पण पाण्याचे विसरण तापमानाबरोबर बदलते. प्रत्येक अंशाला सुमारे दोन ते अडीच टक्के. उंदरासाठी बनवलेल्या चुंबकाच्या अरुंद नळीत पाण्याचे तापमान तासन्‌तास एका अंशाच्याही आत स्थिर कसे ठेवायचे? चेनेव्हर्ट यांच्या गटाने २०११ साली माणसांच्या यंत्रांसाठी यावर उपाय प्रसिद्ध केला, तो पाहून विज्ञानाच्या शिक्षकांना आनंद होईल. पाण्याची नळी वितळणाऱ्या बर्फात ठेवायची. बर्फ शिल्लक आहे तोवर बाहेरून येणारी उष्णता अप्रकट उष्मा म्हणून बर्फ वितळवण्यात खर्च होते आणि तापमान शून्य अंशावरच राहते. शून्य अंशाला पाण्याचे विसरण दर सेकंदाला सुमारे ०.००११ चौरस मिलिमीटर. यंत्राने हाच आकडा दाखवला पाहिजे. आठवी-नववीच्या पुस्तकातला तो आडवा आलेख, ज्यात उष्णता देत असतानाही तापमापीतला पारा हलत नाही, कोट्यवधी रुपयांच्या यंत्राची परीक्षा घेतो.

याच कल्पनेची लहान आवृत्ती करून युरोपातील संशोधकांनी उंदरांसाठीची यंत्रे तपासली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात केंद्रे, वेगवेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळ्या ताकदीची चुंबके, पण मोजण्याची रीत सर्वांची एकच. एकाच केंद्रात एका दिवसाचे माप दुसऱ्या दिवसापेक्षा सरासरी २.३ टक्क्यांनी वेगळे येत होते आणि केंद्राकेंद्रांतला फरक ६.३ टक्क्यांच्या आत होता. यंत्रे चोख निघाली.

पण यंत्र चोख म्हणून उंदराचे माप चोख येत नाही. बर्फातली नळी श्वास घेत नाही. उंदराला स्थिर ठेवण्यासाठी भूल द्यावी लागते, आणि भूल दिलेल्या इवल्या जिवाचे अंग पाहता पाहता गार पडते. अंग तीन अंशांनी उतरले तर वरच्या हिशेबाने विसरणाचा आकडा सहा-सात टक्क्यांनी घटणार, गाठीत काहीही घडलेले नसताना. पुढच्या खेपेला उंदीर यंत्रात थोडा तिरका ठेवला जातो, चित्राची पाती गाठीच्या वेगळ्या भागातून जाते आणि गाठीची कड कुठे संपते हे ठरवणारा माणूस आज कालच्यापेक्षा थोडी बाहेरून रेघ ओढतो.

किरणोत्सारी ग्लुकोज टोचून घेतल्या जाणाऱ्या पी.ई.टी. चित्रांत हे आणखी ठळकपणे दिसते. गाठ साखर अधोरीपणे खाते म्हणून ती चित्रात चमकते. पण गारठलेला उंदीर अंग गरम ठेवण्यासाठी पाठीवरची तपकिरी चरबी जाळतो, तीही साखर ओढते आणि गाठीइतकीच चमकू शकते. उंदराला आरामदायी वाटणारे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. प्रयोगशाळा मात्र आपल्या सोयीने २०-२२ अंशांवर ठेवलेली असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी २००६ साली दाखवले, की उंदीर उपाशी आहे की खाऊन आलेला, उबेत ठेवलेला की गारठलेला, भूल दिलेला की जागा, एवढ्यावरून चित्र पार बदलते. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने, काळजीपूर्वक एकाच पद्धतीने, त्याच उंदराचे त्याच दिवशी काही तासांच्या अंतराने दोनदा चित्र घेतले. दोन मापांमधला विचलन गुणांक सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास आला.

या १५ टक्क्यांचे करायचे काय? उत्तर ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांच्या १९८६च्या 'लॅन्सेट'मधील निबंधात आहे. तोपर्यंत दोन मापे जुळतात हे दाखवायला लोक सहसंबंध काढून मोकळे होत. ०.९५ आला की झाले. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी लक्षात आणून दिले, की एखादा तराजू प्रत्येक वस्तूचे वजन दुप्पट दाखवत असेल, तर त्याचा खऱ्या तराजूशी सहसंबंध बरोबर १ येईल. सहसंबंध पाहू नका, फरक पाहा. एकाच वस्तूच्या दोन मापांतला फरक किती पसरतो, ते सांगा.

एका मापाचे प्रमाण विचलन १५ टक्के असेल, तर दोन मापांच्या फरकात दोन्हींच्या चुका येतात, म्हणून त्याला २च्या वर्गमुळाने, १.४१ने गुणायचे. शंभरांतल्या ९५ वेळा फरक कुठे राहील हे हवे म्हणून आणखी १.९६ने. दोन्ही मिळून गुणक २.७७ होतो, आणि १५ला त्याने गुणले की ढोबळमानाने ४२ येतात. म्हणजे एका उंदराच्या गाठीची साखरेची भूक ३० टक्क्यांनी घटलेली दिसली, तरी त्या एका उंदराबद्दल काहीही बोलता येत नाही. आठ उंदरांची सरासरी घेतली तर ४२ला ८च्या वर्गमुळाने भागायचे, तो उंबरठा १५वर येतो. म्हणून गटावरून बोलणे शक्य होते.

मात्र हा भागाकार एका अटीवर चालतो. प्रत्येक उंदराची चूक स्वतंत्र हवी. औषधाच्या गटाच्या दिवशी गरम गादी बंद पडली, किंवा औषध न दिलेल्या उंदरांची चित्रे सकाळी आणि दिलेल्यांची दुपारी, जास्त उपाशी असताना घेतली, तर ती चूक आठही उंदरांत एकाच दिशेने जाते. आठ घ्या की ऐंशी, ती सरासरीने कमी होत नाही. तिच्यावर उपाय संख्याशास्त्रात नाही, चित्रे घेण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवण्यात आहे, आणि रेघ ओढणाऱ्याला गट न सांगण्यात आहे. माझ्या मते या क्षेत्रात महागड्या यंत्रांवर जेवढे बोलले जाते, त्याच्या एक दशांशही या चिठ्ठ्यांवर बोलले जात नाही.

तेच चित्र दोनदा वाचणे आणि तोच प्राणी दोनदा यंत्रात घालणे यांतही गल्लत होते. पहिल्यात फक्त वाचणाऱ्याची चूक कळते. भूल, तापमान, तिरके ठेवणे, सगळे पडद्याआड राहते. माणसांच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन-केटरिंग रुग्णालयात याची उत्तम परीक्षा झाली. फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या ३२ रुग्णांचा सी.टी. स्कॅन केला, त्यांना टेबलावरून उतरवले आणि पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा झोपवून दुसरा स्कॅन केला. २००९ आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांना संशोधक कॉफीच्या सुट्टीतले अभ्यास म्हणतात. पंधरा मिनिटांत गाठ वाढत नाही. तरीही मापांतला फरक एका टोकाला २३ टक्के घट, तर दुसऱ्या टोकाला ३१ टक्के वाढ इतका होता. ८४ टक्के मापे दहा टक्क्यांच्या आत जुळली, पण ३ टक्के मापे 'रेसिस्ट'नुसार रोग वाढल्याचे सांगत होती. तो निकाल खरा धरला असता, तर औषध बंद करण्याची वेळ आली असती.

उंदरांवर असे दोनदा मोजणे अजूनही कमीच होते. कारणे समजण्यासारखी आहेत. यंत्राचा वेळ महाग असतो आणि आधीच गाठ वागवणाऱ्या उंदराला पुन्हा भूल द्यावी लागते. तरी सुरुवातीला चार-सहा उंदरांना हा त्रास दिला, तर पुढच्या प्रयोगात किती उंदीर पुरतील हे नेमके कळते. न कळता घेतलेले आठ उंदीर अपुरे पडले तर ते आठही फुकट गेले.

२०१२ साली 'नेचर'मध्ये बेगली आणि एलिस यांनी लिहिले, की ॲमजेन या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले प्रयोगशाळेतले निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहिले, तेव्हा त्यांतले फक्त ६ टिकले. याचा सगळा दोष मोजणीवर टाकणे अन्यायाचे होईल. पेशी, रसायने, निवडक निकाल छापण्याची सवय, अशी कारणे अनेक आहेत. पण जे सहा टिकले, त्यांच्या लेखकांनी तुलनेचे गट, प्रयोगाची रसायने आणि मोजणाऱ्याचा पूर्वग्रह यांकडे बारकाईने लक्ष दिले होते, असे त्यांनी नोंदवले आहे.

मोर्टेल आणि हॅन्ले यांचा प्रयोग वर्गात करता येतो. गोट्या, लिंबाएवढे लाकडी गोळे, टेबल टेनिसचा चेंडू, क्रिकेटचा चेंडू असे आठ-दहा गोळे सतरंजीवर मांडावेत आणि वर दुहेरी गोधडी घालावी. टेबल टेनिसच्या चेंडूचा व्यास ४ सेंटिमीटर आणि क्रिकेटच्या चेंडूचा ७.२ सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे खरे माप हाताशी राहते. प्रत्येक मुलाने गोधडीवरूनच पट्टीने व्यास मोजून चिठ्ठीवर लिहावा आणि चिठ्ठी लगेच शिक्षकांकडे द्यावी, म्हणजे दुसऱ्याचे माप पाहून कोणी आपले 'सुधारणार' नाही. आठवड्याने क्रम बदलून पुन्हा मोजावे, मागचा आकडा कोणालाही न दाखवता. मग प्रत्येकाच्या दोन मापांतला फरक फळ्यावर मांडून, ३० टक्क्यांच्या निकषाने किती चेंडूंना 'गुण आला' ते मोजावे. एकाच मापाचे दोन चेंडू मात्र आठवणीने ठेवावेत, आणि ते शेजारीशेजारी नकोत.